आमच्या गाडीमागची तुमची स्कूटर

मधुकाका,

तुम्ही गेल्याचं सांगायला सिंधूकाकू स्वतः गल्ली ओलांडून आल्या. दुपारची वेळ होती, मी भाजी चिरत होते. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, हे सुटले गं." त्या रडल्या नाहीत, मीही लगेच रडले नाही. तुम्ही जेवून आडवे झालात, काकू ओट्यावरचं आवरून आल्या, तोवर सगळं शांत झालं होतं. ज्या श्वासासाठी तुम्ही इतके महिने उशीला टेकून बसलात, तो इतक्या हलकेच थांबला. खरं सांगू का, माझ्या मनात आधी आलं ते दुःख नव्हतं. काका गुदमरले नाहीत, या विचारानं मला हायसं वाटलं. दुःख आलं संध्याकाळी, तुमच्या फाटकाशी कुणी मला अडवलं नाही तेव्हा.

आपलं सगळं नातंच त्या फाटकाशी होतं. मी ऑफिसातून आले की तुम्ही तिथं हजर. "आज लवकर कशी सुटलीस? साहेब दौऱ्यावर का?" नगर निगमचे लोक औषध फवारून गेले असं मी सांगितलं, तर "खरंच फवारलं की नुसतं मशीन वाजवून गेले?" तुम्ही साताऱ्याहून तरुणपणी इथं, या हिंदी मुलखात, कारखान्यात आलात आणि निवृत्तीपर्यंत तपासणी विभागात राहिलात. दुसऱ्यानं केलेलं काम हातात घ्यायचं आणि त्यात खोट शोधायची, ही तुमची नोकरी. बरखेड्याचं कारखान्याचं क्वार्टर सोडून अयोध्या नगरात आमच्यासमोर घर बांधलंत, पण नोकरी काही सुटली नाही. भाजीवाला "ताजी है बाबूजी" म्हणाला की तुम्ही देठ मोडून पाहणार. माझी मुलगी दहावीला पहिल्या वर्गात आली तेव्हा पेढा हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "रोल नंबर नीट पाहिलास ना?" ती आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही.

आणि तुमचा पक्ष. कुठला ते इथं सांगत नाही. आपल्या गल्लीला माहीत आहे, बाकीच्यांना गरज नाही. तुम्ही कधी उभे राहिला नाहीत, कधी स्टेजवर बसला नाहीत. दर निवडणुकीत डबा घेऊन मतदान केंद्रात एजंट म्हणून बसायचं, एवढंच तुमचं राजकारण.

त्या उन्हाळ्यात मला निवडणुकीची ड्यूटी लागली, ती घरी जाऊन मतं घेण्याची. पंच्याऐंशीच्या पुढची माणसं आणि ज्यांना चालता-फिरता येत नाही असे अपंग मतदार, यांनी आधी अर्ज केला असेल तर आम्ही मतपत्रिका घेऊन त्यांच्या दारी जायचं. मी मोठ्या उत्साहानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही फाटकाची कडी धरून माझ्याकडे असे पाहिलंत, जणू मी घरात चोर घेते आहे.

"घरी जाऊन मत?" तुम्ही म्हणालात. "शेजारी मुलगा, सून, नातू उभे, आणि म्हातारी मत देणार? आणि मग ती मतं पेटीत घालून तुम्ही गल्लोगल्ली फिरणार? हे मतदान आहे की भाजीचा ठेला?"

"काका, सोबत पोलीस असतो, निरीक्षक असतो. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं."

"शूटिंग लग्नाचंही होतं. म्हणून काय जेवणात मीठ बरोबर पडतं?"

मला राग आला. बाजेवरून उठता न येणाऱ्या माणसानं मतच देऊ नये का, असं मी तावातावानं विचारलं. तुम्ही म्हणालात, द्यावं, पण केंद्रावर उचलून न्यावं. मी म्हटलं, तुम्ही न्याल उचलून? तुम्ही आत निघून गेलात. दुसऱ्या दिवशी फाटकातूनच ओरडून सांगितलंत, "उमेदवाराला आपला माणूस पाठवता येतो म्हणे. तर मी येतोय तुझ्या मागे. पक्षाला सांगून ठेवलंय."

आणि आलात. सकाळी आमची गाडी निघायच्या जागी तुमची ती राखाडी स्कूटर आधीच उभी होती, हँडलला पाण्याची बाटली आणि काळी छत्री अडकवलेली. पथकात माझ्याबरोबर दुसरे अधिकारी होते तिवारी सर, सरकारी शाळेत गणित शिकवणारे. शिवाय निरीक्षक, एक पोलीस शिपाई आणि कॅमेरावाला. रिकामी पेटी दाखवायला तिवारी सरांनी ती उघडली, तर तुम्ही वाकून आत हात घातलात आणि तळाशी बोटं फिरवलीत. तिवारी सर हसले. "काकाजी, इसमें जादू का खाना नहीं है." तुम्ही हसला नाहीत. "देखने में क्या जाता है," म्हणालात. मग पेटीला कुलूप लागलं, त्यावर लाख ओतून ठसा मारला. लाख गार होईपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या शेजारचा माणूस माझ्याच पथकावर पाळत ठेवतोय!

घरं होत गेली. अयोध्या नगरातली आधी, मग बरखेड्याकडे. प्रत्येक ठिकाणी तेच: ओळखपत्र पाहायचं, टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, घरच्यांना खोलीबाहेर काढायचं. मतदारानं आडोशामागे खूण करायची, कागद घडी करून छोट्या पाकिटात घालून चिकटवायचा. मग सहीचं घोषणापत्र, आणि ते दोन्ही मोठ्या पाकिटात. म्हणजे कोण मतदार ते बाहेरच्या पाकिटाला ठाऊक, मत कुणाला ते फक्त आतल्याला. तुम्ही दारापाशी उभे राहायचात आणि आमच्या हातांकडे पाहायचात. मतदाराकडे पाठ. ते माझ्या लक्षात यायला तीन-चार घरं जावी लागली.

बरखेड्याच्या त्या क्वार्टरमध्ये मग गाठ पडली अम्मांशी. कारखान्यातल्या एका क्रेन ऑपरेटरच्या त्या विधवा, नव्वदीला टेकलेल्या. गुलमोहराखालचं घर, आत कूलर घरघरतोय, अम्मा खाटेवर पांढऱ्या साडीत. त्यांचा मुलगा दीपक तुमच्याच पक्षाचा, कॉलनीतला धडाडीचा कार्यकर्ता. तो आडोशाजवळून हलेना.

"अम्मा को दिखता नहीं है मॅडम. मैं लगा देता हूँ. वैसे भी उनको मुझसे ही पूछना है."

ज्याला खरंच दिसत नाही, त्याला सोबती घेता येतो. पण तो मतदारानं मागायचा असतो. तिवारी सर खाटेजवळ वाकले. "अम्माजी, आपको मदद चाहिए?"

अम्मांनी नाही अशी मान हलवली आणि तोंडात दात नसल्यामुळे बोबड्या पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "चश्मा चाहिए."

चष्मा उशीखाली होता. दीपकचं तोंड लाल झालं. तो वळून तुम्हाला म्हणाला, "काकाजी, आप तो अपने हैं. आप ही समझाइए इन लोगों को."

मला वाटलं, आता झालं. तुम्ही मध्ये पडणार, वाद होणार, दोन्हीकडून आवाज चढणार. तुम्ही फक्त दार पूर्ण उघडलंत आणि म्हणालात, "बाहर आ जा बेटा. अम्मा को वक्त लगेगा." तो जागचा हलेना, तसे त्याच्या दंडाला धरून बाहेर घेऊन गेलात आणि उघड्या दारातून पेटीवर नजर ठेवून उभे राहिलात.

अम्मांना खरोखरच वेळ लागला. आडोशाच्या वर त्यांचं पांढरं डोकं तेवढं दिसत होतं. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं, बोटं चोळली, पुन्हा घेतलं. पाकीट चिकटवायला मी हात पुढे केला तर त्यांनी तो हळूच बाजूला केला. शेवटी मोठं पाकीट स्वतः पेटीत टाकून त्या म्हणाल्या, "हो गया," आणि लगेच आडव्या झाल्या. बाहेर दीपक मोटारसायकलला किक मारत होता. त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही.

तिथून निघालो आणि वाटेत गाडीचं चाक बसलं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जॅक पेटीच्याच खाली, म्हणून सामान उतरवावं लागलं. पेटी रस्त्याच्या कडेला ठेवली. तिवारी सरांच्या हातातल्या पिशवीतून कोरी पाकिटं निसटली, ती ते वेचू लागले. निरीक्षक, शिपाई आणि कॅमेरावाला चाकाला भिडले. तुमची स्कूटर मागून येऊन थांबली. तुम्ही उतरलात, पेटीला हात लावून पाहिलंत आणि चिडलात.

"सुजाता, एवढ्या उन्हात लाख टिकेल का? ठसा पुसला गेला तर उद्या कोण ऐकून घेणार तुझं?"

आणि छत्री उघडून पेटीवर धरलीत. चाक बदलून होईपर्यंत पेटी सावलीत आणि तुम्ही उन्हात. तुमच्या टकलावरून घाम कानांत ओघळत होता. मी म्हटलं, द्या, मी धरते. "तू अधिकारी आहेस. तुझा हात पेटीजवळ नको." हे सगळं मला त्या वेळी फारच अती वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्या कॉलनीभर फिरला. रस्त्याच्या पलीकडून, लांबून काढलेला. एक थांबलेली गाडी, जमिनीलगत एक काळी छत्री, तिच्याजवळ पाकिटं हातात घेऊन वाकलेले तिवारी सर, आणि बाजूला उभी मी. खाली लिहिलेलं: छतरी की आड़ में वोट बदले जा रहे हैं. छत्री धरणारा माणूस गाडीआड झाला होता; त्याचा हातसुद्धा दिसत नव्हता. तुमच्या पक्षानं रीतसर तक्रार केली. मला आणि तिवारी सरांना निवडणूक कार्यालयात बोलावणं आलं.

काका, ते दिवस मी तुमच्याशीसुद्धा बोलले नाही. बोलायचं काय? आमच्या कॅमेरावाल्यानं घराघरांतलं सगळं टिपलं होतं, पण चाक बदलतानाचं काहीच नव्हतं, कारण तेव्हा त्याच्या हातात पाना होता. नेमकी तेवढीच वेळ उघडी पडली होती. ऑफिसात लोक माझ्याकडे पाहून बोलणं थांबवायचे. माझ्या नवऱ्यानं निलंबनाचे नियम शोधून काढले आणि माझ्यापासून लपवले. आणि पथकाबाहेरचा साक्षीदार एकच, तो तक्रार करणाऱ्या पक्षाचा! तुमच्या घरी पक्षाची दोन माणसं आलेली मी खिडकीतून पाहिली होती. मी मनाशी धरून चालले की तुम्ही फार तर गप्प बसाल. गप्प बसलात तरी उपकार, असं मी नवऱ्याला म्हटलंही.

तुमच्या घरी काय झालं ते काकूंनी मला आता, या दिवसांत सांगितलं. टाइप केलेला कागद त्यांनी तुमच्यापुढे ठेवला होता. प्रतिनिधी दूर होता, त्याला पेटीजवळ येऊ दिलं नाही, अशा मजकुराचा. "काकाजी, बस साइन कर दीजिए, बाकी हम देख लेंगे." तुम्ही तो चष्मा लावून दोनदा वाचलात. मग म्हणालात, "खराब माल मैंने कभी पास नहीं किया. और अच्छा माल कभी रिजेक्ट नहीं किया. चाय पिओगे?" त्यांनी चहा घेतला नाही.

त्या कार्यालयात तुम्ही आलात तेव्हा इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. माझ्याकडे पाहिलंही नाहीत. अधिकारीबाईंच्या टेबलापलीकडे तुमच्या पक्षाचे वकील, दीपक आणि आणखी दोघे. बाईंनी तुम्हाला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत?

"पहले वो विडिओ दिखाइए," तुम्ही म्हणालात. पाहिलात. "यहाँ रोकिए. ये छतरी दिख रही है? मेरी है."

तुम्ही पिशवीतून ती छत्री काढून टेबलावर ठेवलीत. "इसके नीचे पेटी थी. सील पर धूप न लगे, इसलिए. पकड़ा मैंने था. आड़ करनी होती तो मैं इनके लिए क्यों करता?"

वकील म्हणाले, "यानी आपको इन अधिकारियों पर पूरा भरोसा था."

तुम्ही इतके चिडलात की मराठीतच सुरुवात केलीत, मग सावरून हिंदीत आलात. "भरोसा? भरोसा बिलकुल नहीं था! इसीलिए तो गया था. आज भी नहीं कहता कि भरोसा है. मैं कहता हूँ कि मैंने देखा. सुबह से शाम तक पेटी मेरी आँख के सामने थी. किसी ने खोली नहीं."

बाईंनी विचारलं, हे लिहून देणार का? तुम्ही म्हणालात, कागद द्या. खाली मान घालून ठाशीव अक्षरात लिहीत बसलात, आणि मी पदर तोंडाशी धरून इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. दीपक खाली पाहत होता. नंतर पेटीवरचा ठसा सगळ्यांसमोर तपासला गेला. तो शाबूत होता. तक्रार निकाली निघाली.

मतमोजणीला तुम्हाला पक्षानं बोलावलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिवारी सरांची मात्र मोजणीची ड्यूटी होती, आणि टपाली मतं, त्यांतच आपण घरून घेतलेली, सगळ्यांत आधी. मोठं पाकीट उघडायचं, घोषणापत्रावरचा आणि आतल्या पाकिटावरचा मतपत्रिकेचा नंबर जुळतो का पाहायचं, जुळला तरच ते छोटं पाकीट इतर सगळ्यांत मिसळायचं, आणि मग कुठे उघडायचं. सर बाहेर आल्यावर त्यांनी मला फोन केला: आपल्या फेरीतलं एकही पाकीट नंबरापायी बाद झालं नाही. मी चपला न घालताच गल्ली ओलांडून तुमच्याकडे धावले. तुम्ही व्हरांड्यात रेडिओ लावून बसला होतात.

"काका, सगळी जुळली."

"सगळी?"

"सगळी."

तुम्ही रेडिओ बंद केलात. तुमचा उमेदवार तेव्हा मागे होता की पुढे, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. "बस जरा," म्हणालात. आपण दोघं तसेच बसून राहिलो. समोर आमच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत होते. मला आठवतं, मी उगाचच हसत होते.

मी तुमचे आभार मानायला लागले तेव्हा तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नाहीत. "आभार कसले? उद्या तू चुकलीस तर तुझ्याविरुद्धही असंच लिहून देईन." मला ते तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, याहून मोठी हमी मला कुणी दिली नाही.

पण तुम्हाला त्याची किंमत पडली, ते मी पाहत होते. बरखेड्याच्या चहाच्या टपरीवर तुमची जागा राहिली नाही. सकाळी पोहे-जलेबी खायला जमणारी तुमची जुनी मंडळी एकेक करून वळण बदलून जाऊ लागली. तुम्ही म्हणायचात, डॉक्टरांनी जलेबी बंद केली आहे. दीपकचं म्हणाल तर तो तुमच्याकडे शेवटपर्यंत आला नाही. अम्मा मात्र तुमच्या दवाखान्यातल्या दिवसांत काकूंना फोन करून विचारायच्या. तुम्ही पक्ष का सोडला नाहीत, हे मला कधी कळलं नाही. मी एकदा स्पष्ट विचारलं तेव्हा म्हणालात, "घरातली माणसं चुकली म्हणून घर सोडतात का?" मी म्हटलं, पण त्यांनीच तुम्हाला बाहेर ठेवलंय. तुम्ही विषय बदललात. त्या पुढच्या निवडणुकीत तुम्ही मत कुणाला दिलंत, कुणास ठाऊक. काकूंनाही माहीत नाही. विचारायचं नसतं, असं त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

घरच्या मतदानाचा आपला वादही तसाच राहिला. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. ऑक्सिजनची नळी नाकात असताना तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या गाडीमागे मी होतो. ज्या गाडीमागे कुणीच नव्हतं तिचं काय?" मी म्हटलं, काका, बोलू नका, दम लागेल. उत्तर नव्हतं म्हणून मी दम पुढे केला, हे तुम्ही ओळखलंत आणि डोळे मिटून घेतलेत. मी अम्मांच्या त्या पेनाबद्दल, चोळलेल्या बोटांबद्दल सांगायला हवं होतं. तुम्ही दाराबाहेर होतात, डोळे पेटीवर; ते फक्त मी पाहिलं होतं. राहून गेलं. तेवढं एकच राहून गेलं.

तुमच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी मला नव्या पथकांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं. मी पाकिटं, ठसे, आडोसा सगळं सांगितलं. चाक बदलायची वेळ आली तरी कॅमेरा बंद करू नका, हेही सांगितलं. शेवटी एका तरुण शिक्षिकेनं हात वर केला.

"मॅडम, किसी पार्टी का कोई आए ही नहीं तो?"

प्रामाणिकपणे काम करा, असं म्हणणं सोपं होतं, पण ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "तो निकलने से पहले फोन करना. सब पार्टियों को. कहना, हम जा रहे हैं, आप आइए. न आएँ, तो अगले घर से फिर करना. और जो सबसे ज्यादा सवाल पूछता हो, उसका नंबर सबसे पहले लिखना."

सभागृहात हशा झाला. त्या मुलीनं मात्र वहीत लिहून घेतलं, आणि मग मान वर करून विचारलं, "ऐसे लोग मिलते कहाँ हैं, मॅडम?"

"पड़ोस में," मी म्हटलं.